मोर्तबापासून टोकनपर्यंत : डिजिटल स्वाक्षरीची वाटचाल

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरत असताना देशाचे डोळे ज्या नियंत्रण कक्षाकडे लागले होते, तो इस्रोच्या ‘इस्ट्रॅक’ केंद्रात, बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात आहे. भोवती यंत्रभाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांची दाटी आहे. यांपैकी कोणाला इस्रोच्या ई-निविदेत बोली लावायची असेल, तर शाईची सही चालत नाही. डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र लागते.

ही स्वाक्षरी म्हणजे कागदावरील सहीचे छायाचित्र नव्हे, हा गैरसमज आधी दूर व्हावा. मराठेशाहीतील पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपताच मोर्तब. मोर्तबाखाली कोणी ओळ घुसडली, तर ती लगेच उघडी पडे. पत्र कोणाचे आणि मजकूर मूळचाच आहे का, अशी ही दोन प्रश्नांची दोन उत्तरे होती. डिजिटल स्वाक्षरी ती एकाच क्रियेत देते. दस्तऐवजावरून ‘हॅश’ नावाचा छोटा ठसा काढला जातो आणि खासगी किल्लीने त्यावर स्वाक्षरी होते. जोडीच्या सार्वजनिक किल्लीने कोणीही ती पडताळू शकतो. एक स्वल्पविराम बदलला, तरी पडताळणी फसते. या कल्पनेची मांडणी डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये केली. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये तिला वापरता येईल असे रूप दिले.

भारतात तिला कायद्याचे बळ मिळाले १७ ऑक्टोबर २००० रोजी, माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला तेव्हा. मात्र कायद्याने स्वतःला एकाच तंत्राशी बांधून घेतले, आणि नियमांत तर एमडी-५ या हॅश पद्धतीचे नावच घातले. २००४ मध्ये वांग शियाओयुन आणि सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या मजकुरांचा एमडी-५ ठसा सारखाच येऊ शकतो, हे दाखवून दिले. कायद्यात गणिताचे नाव कोरणे किती धोक्याचे, याचे इतके चोख उदाहरण विरळाच. २००८ च्या दुरुस्तीने ‘इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी’ ही व्यापक संज्ञा आणली. ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. २०१५ मध्ये आधारवर आधारित ई-साइनलाही मान्यता मिळाली.

गणित सुधारत गेले, पण खरी फट माणसाच्या सवयीत राहिली. खासगी किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते आणि तिची नक्कल सहजी निघत नाही. टोकन मात्र पिनसकट हिशेबनिसाच्या खणात पडून राहू शकते. कलम ४२ नुसार किल्लीवर ताबा ठेवण्याची काळजी प्रमाणपत्रधारकानेच घ्यायची. ती दुसऱ्याच्या हाती पडल्याचे प्रमाणन संस्थेला कळवेपर्यंत जबाबदारीही त्याचीच. त्यातच, सुरक्षित स्वाक्षरी तिच्या धारकानेच हेतुपूर्वक केली, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार धारकावर येतो. शाईच्या खोट्या सहीबाबत निदान हस्ताक्षरतज्ज्ञाकडे जाता येते. येथे स्वाक्षरी खरीच असते, फक्त हात दुसऱ्याचा.

काही दस्तऐवज कायद्याने आरंभापासूनच बाहेर ठेवले होते. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचे करार त्या यादीतून २०२२ मध्ये वगळण्यात आले. मृत्युपत्र मात्र अजून यादीत आहे. त्याला आजही कागदावर सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार लागतात.