परड्यातला उकिरडा

बारा वर्षांनी उकिरड्याचेसुद्धा दिवस पालटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या उकिरड्याला शंभरेक वर्षं लागली, तीही इंदूर, कणकवली, गारगोटी, मुंबई असा फेरा मारून. झालं असं, की न्यू जर्सीला राहणाऱ्या मावसबहिणीने तिच्या वस्तीतल्या सामायिक बागेचा फोटो पाठवला. भाजीचे चौकोनी वाफे, आणि कोपऱ्यात कंपोस्टच्या तीन लाकडी पेट्या. खाली लिहिलं होतं, "इथल्या एका आजोबांनी मला तासभर शिकवलं, पाला किती, भाजीची सालं किती, कधी उलटायचं. आपल्या राधानगरीत असलं काही होतं का रे?" तिला दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो आणि ते वाढतच गेलं. म्हणून इथे टाकतोय.

राधानगरीतल्या जुन्या घरांना मागे परडं असायचं. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : परडं म्हणजे घरामागची मोकळी जागा, परसू म्हणा हवं तर. न्हाणीचं पाणी अळवाला आणि केळीला, चुलीतली राख भांडी घासायला आणि उरलेली घेवड्याच्या बुडाला, खरकटं म्हशीला, आणि म्हशीने जे परत केलं ते उकिरड्यात. गोठ्यातलं चगाळ, वैरणीची बुडखं, झाडलोटीचा केर, सगळं तिथेच. घरात कचऱ्याचा डबा असा नव्हताच. सुगी उरकली की खत गाड्या भरून शेतात जायचं. शिवाय धनगर आले की शेतात बकरी बसवायची. रात्रभर कळप बसला की लेंड्या आणि मूत जागच्या जागी, आणि धनगराला त्याबद्दल धान्य. घाटाकडच्या डोंगरी गावांत पाला, गवत, शेण वाफ्यावर पसरून जाळायचे आणि त्या राबावर नाचणी-भाताचा तरवा टाकायचे. सामायिक बाग हा शब्द नव्हता, पण एका घराच्या परड्यातला अळवाचा गड्डा चार घरांत पोचलेला असायचा.

इथपर्यंत लिहिलं की आमच्याकडचे सगळे खूश होतात. "बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं!" मला तेवढं म्हणवत नाही. आमचा उकिरडा खरं तर बऱ्यापैकी उधळ्या होता. शेणाचा मोठा भाग शेणी थापून चुलीत जायचा. जनावरांचं मूत, ज्यात नत्र सगळ्यात जास्त, ते गोठ्याच्या जमिनीत मुरायचं. आणि उरलेला ढीग उघड्यावर! राधानगरीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. शाहू महाराजांनी १९०८ मध्ये हे गाव वसवलं आणि इथे धरणाचं काम काढलं, ते या पावसाच्याच जिवावर. तो पाऊस जूनपासून उकिरड्यावर कोसळायचा आणि ढिगाखालून चहासारखं काळं पाणी ओघळत ओढ्याला जायचं. ते काळं पाणी म्हणजेच खत होतं. मागे राहायचा तो बराचसा चोथा.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. उकिरडा वाहणारे हात कुणाचे? घरचं शेण घरच्या बायका काढायच्या, डोक्यावर बुट्टी घेऊन. पण मेलेलं जनावर ओढून नेणं, गाव झाडणं ही कामं जातीने ठरलेली होती, आणि ती करणाऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती. शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं रद्द केली. कायद्याने बेडी तुटली, मनातली तुटायला वेळ लागला. शहरांत तर माणसाचा मैला माणूसच डोक्यावरून वाहत होता. तेव्हा "आपल्याकडे कचरा नव्हताच" असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, नव्हता, की आपल्याला दिसत नव्हता?

आता इंदूरला जाऊ. होळकरांच्या संस्थानात १९२४ मध्ये 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली. तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड. हे साहेब हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांना शिकवायला आले आणि त्यांच्याकडूनच शिकायला लागले. चीनमधली खत करण्याची रीत त्यांनी पुस्तकांतून वाचली होती, इथली डोळ्यांनी पाहिली. दोन्हींची सांगड घालून त्यांनी आणि त्यांचे रसायनशास्त्रातले सहकारी यशवंत वाड यांनी जी पद्धत बसवली तिला जग 'इंदूर पद्धत' म्हणतं. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचं, आणि ठरावीक दिवसांनी तीनदा उलटायचं. तीन महिन्यांत खत तयार. उलटायचं का, तर आत हवा गेली पाहिजे. हवा मिळाली की सूक्ष्मजीव जोमाने कामाला लागतात, ढीग इतका तापतो की हात घालवत नाही, आणि त्या उष्णतेत माश्यांच्या अळ्या आणि तणाचं बी मरतं. हवा नसेल तर नुसती घाण सुटते. आणि पावसाळ्यात खड्ड्यात नव्हे, जमिनीवर ढीग करायचा, हेही त्यात होतं. (आमच्या आजोबांना हे कुणी सांगायला हवं होतं!)

हॉवर्ड आणि वाड यांचं पुस्तक १९३१ मध्ये निघालं. पुढे १९३४ मध्ये वाडांनी जॅक्सन नावाच्या डॉक्टरांबरोबर शहरातली घाण आणि मैला याच रीतीने कुजवण्यावर लिहिलं. म्हणजे शेताचं शास्त्र शहराच्या दाराशी आणलं. हॉवर्ड 'सर' झाले, त्यांच्या पुस्तकांनी इंग्लंड-अमेरिकेत सेंद्रिय शेतीची चळवळ उभी केली, अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ पासून त्यासाठी मासिकच चालवलं. आणि वाड? विचारून बघा चार माणसांना. मावसबहिणीच्या बागेतल्या आजोबांना तर इंदूर कुठे आहे हेही बहुधा ठाऊक नसेल, पण थर द्या, ओल ठेवा, उलटा, हे त्यांचे धडे तिथलेच आहेत.

पण शास्त्राने 'कसं' सुटलं, 'कुणी' सुटलं नाही. त्यासाठी राधानगरीहून दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरायला हवा. खाली कणकवली. तिथे १९४८ मध्ये अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम काढला. 'कोकणचे गांधी' म्हणून त्यांचं नाव आपण ऐकलेलं असतं, पण त्यांनी काय केलं हे फारसं ऐकलेलं नसतं. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातलं सफाईचं काम ठरावीक जातींच्या कैद्यांनाच दिलं जाई. अप्पांनी ते काम स्वतःसाठी मागितलं. ब्राह्मणाला ते देता येत नाही, असं उत्तर आलं. तेव्हा त्यांनी अन्न कमी केलं. बातमी येरवड्याला पोचली आणि डिसेंबरमध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी उपोषण सुरू केलं. सरकार विचार करायला तयार झालं तेव्हा दुसऱ्या दिवशी ते थांबलं. हक्क मागण्यासाठी उपास करणारे पुष्कळ, पण संडास साफ करण्याचा हक्क मागणारा माणूस मला दुसरा माहीत नाही.

गोपुरीत अप्पांनी हेच पुढे नेलं. मेलेल्या जनावराचं कातडं कमावणं, हाडांचं खत, आणि मैल्यावर माती-पाला टाकून त्याचं सोनखत करणारा साधा संडास. मैला डोक्यावरून वाहायचीच गरज उरू नये, आणि त्याचं जे होईल ते घरच्याच झाडांना मिळावं, असा सरळ हिशोब. सोनखत हा शब्द आपल्या भाषेत जुनाच आहे. शब्दात सोनं होतं, वाहणाऱ्याच्या वाट्याला मात्र विटाळ. डोक्यावरून मैला वाहून नेण्याविरुद्ध देशात कायदा व्हायला १९९३ उजाडलं, आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

घाट परत चढून वर येऊ. शेजारच्या भुदरगड तालुक्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ आहे. तिथे शिकवणारे श्रीपाद अच्युत दाभोलकर गणिताचे माणूस. (डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू.) शेतीकडे त्यांनी गणिताच्या नजरेने पाहिलं : एका चौरस फुटावर ऊन किती पडतं, पान त्यातलं किती पकडतं, त्याचं अन्न किती होतं. शेतकऱ्यांनी आपापले प्रयोग करायचे आणि एकमेकांना कळवायचे, वरून कुणी उपदेश करायचा नाही, असा त्यांचा 'प्रयोग परिवार' होता. द्राक्षवाल्यांना त्याचा मोठा उपयोग झाला. दहा गुंठ्यांत एक कुटुंब पोटभर जगू शकतं हे त्यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे, त्यावर वादही झाले. पण मला त्यांचं दुसरं म्हणणं जास्त महत्त्वाचं वाटतं. जमीन नसली तरी बाग करता येते. उसाचा चोथा, पालापाचोळा, घरातला ओला कचरा आणि मूठभर माती एवढ्यावर पिशवीत, टोपलीत, गच्चीवर भाजी येते. म्हणजे उकिरड्यालाच वाफा करायचं! कोल्हापूरकराला उसाचा चोथा सुचणार नाही तर कुणाला?

हे मुंबईत डॉ. दोशींनी उचललं, गच्चीवर शेती करून दाखवली. पुढे २००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मोठ्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्या कर्मचाऱ्यांबरोबर बाग केली. हजारो माणसांच्या जेवणाची सालं, देठं, खरकटं रोज ट्रकने शहराबाहेर जायचं, ते जिन्याने वर जायला लागलं. गोदीतल्या पत्र्यांच्या आणि क्रेनच्या मधोमध फळझाडं! नंतर त्यांनी शहरात इतरांनाही जमवून सामायिक बागा केल्या. आता मावसबहिणीने सांगावं, तिच्या पेट्यांत आणि यात फरक काय.

विदर्भात पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी आणखी एक सोय केली. विटांची, भिंतींत भोकं ठेवलेली टाकी, दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच. थोडं शेण, भरपूर काडीकचरा आणि माती यांचे थर, वरून शेणमातीने लिंपायचं. भोकांतून हवा जाते, म्हणून उलटायला नको. तीन-चार महिन्यांत खत. त्यांच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'नाडेप'. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हा शब्द वाचून मला लहानपणी ते एखाद्या औषधाचं नाव वाटायचं.

तर आमच्या परड्याची आजची हकीकत. म्हशी गेल्या, गॅस आला, उकिरड्यात प्लास्टिक शिरलं. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतरही शांपूच्या पुड्या काही थांबल्या नाहीत. सहा वर्षांपूर्वी वहिनीने (चुलतभावाच्या बायकोने) मागच्या चार घरांना गोळा करून पडक्या गोठ्याच्या विटांची नाडेप टाकी बांधली आणि चारही परड्यांची मिळून एक बाग केली. पहिलं भांडण कुजण्यावरून नाही, वाहण्यावरून झालं. एक घर म्हणालं, आम्ही पैसे देतो, बादल्या न्यायला आणि टाकी उपसायला गडी लावा. गडी म्हणजे कुठल्या वस्तीतला, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. वहिनी म्हणाली, "ज्याची बादली, त्यानं न्यायची. नसंल जमत तर भाजी इकत घ्या." दोन महिने ते घर आलं नाही. मग त्यांच्या सासूबाईच एके सकाळी बादली घेऊन आल्या, मुलगा मागून उगाच फोनवर बोलत.

आता न्हाणीच्या दारावर पाळ्यांचा कागद आहे. आम्ही सुट्टीला गेलो की आमचीही नावं त्यात घालतात; मे महिन्यात येणाऱ्यांनी तयारीने यावं. या वर्षी टाकी उघडली तेव्हा खालच्या थरात शांपूच्या चार पुड्या निघाल्या, अजून चकचकीत. कुणाच्या घरच्या हे वासावरून सगळ्यांनी ओळखलं, पण बोललं कुणी नाही. वांगी मात्र चांगली आली.