लवंगेपासून द्राक्षबीजापर्यंत

दाढ ठणकूं लागली कीं लवंगेच्या तेलाचा बोळा धरावा, हा घरगुती उपाय पुष्कळांच्या परिचयाचा आहे. त्याच तेलांतील युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड यांचा लगदा १९व्या शतकाच्या अखेरीस दांत भरण्यासाठीं प्रचारांत आला. त्यानें ठणका शमे. परंतु चावण्याचा भार त्याला फार काळ सोसवत नसे. म्हणून कायमचें भरण सोन्याचें किंवा पारा व रुपें यांच्या मिश्रणाचें असे. हें भरण दांताला चिकटत नाहीं, पोकळींत अडकून राहतें. त्याला आधार मिळावा म्हणून निरोगी भागही कोरावा लागे.

१९५५ सालीं अमेरिकेंत मायकेल ब्युनोकोर यांनीं दाखवून दिलें कीं, दांताच्या वरच्या कवचाला फॉस्फरिक अ‍ॅसिड लावल्यास त्यावर रेझिन घट्ट बसतें. राफेल बोवेन यांच्या नव्या रेझिनला १९६२ सालीं पेटंट मिळालें, आणि दांताच्या रंगाचें अधिक टिकाऊ भरण शक्य झालें. मात्र युजेनॉल रेझिनला नीट कठीण होऊं देत नाहीं. जुन्या भरणाची सखी नव्या भरणाची वैरीण ठरली!

खरी अडचण कवचाच्या आंत होती. तेथील डेंटिन वजनानें सुमारें ७० टक्के खनिज असतें. उरलेल्या भागांत मुख्यतः पाणी आणि कोलॅजेनचे तंतू असतात. अ‍ॅसिडनें उघड्या पडलेल्या या तंतूंत रेझिन शिरून पकड घेतें. परंतु डेंटिनमधलींच कांहीं एंझाइमें ते तंतू हळूहळू कुरतडतात. सांधा सैल होतो, फटींत पुन्हा कीड शिरते. प्रत्येक नव्या भरणाच्या वेळीं पोकळी वाढते आणि मूळचा दांत उणावतो.

कातडी कमावणाऱ्या कारागिरांना अशा तंतूंचें रक्षण पूर्वीपासून साधलें होतें. कातड्यांतही कोलॅजेनच असतें. बाभळीची साल व हिरडा यांतील टॅनिन त्या तंतूंना एकमेकांशीं जखडतें, म्हणून कातडें कुजत नाहीं. २१व्या शतकांत शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठांत आना बेद्रान-रुसो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हेंच तत्त्व डेंटिनला लावून पाहिलें. द्राक्षाच्या बियांच्या अर्कांत टॅनिनच्याच जातीचीं द्रव्यें असतात. त्यांच्या योगानें डेंटिनचे तंतू अधिक ताठ होतात व एंझाइमांना सहजासहजीं दाद देत नाहींत, असें प्रयोगशाळेंत दिसून आलें.

तथापि अर्कानें दांतावर तपकिरी झांक येते, आणि तो मुरण्यास लागणारा वेळ रुग्णाला खुर्चीवर तोंड उघडें ठेवून काढणें कठीण. शिवाय प्रयोगशाळेंतील यश म्हणजे वर्षानुवर्षें घास चावणाऱ्या मुखांतील यश नव्हे. या अडचणी दूर झाल्या, तर लाभ केवळ भरणाचा नाहीं. पुन्हा पुन्हा कोरला जाणारा दांतच त्यानें वांचेल.