खिल्लारामागून सातपुड्यात

सन 1860. चैत्र सरत आलाय. तुम्ही शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी उभे आहात. खानदेशात अजून आगगाडी आलेली नाही. समोर धुळीचा लोट उठतो, त्यातून आधी शिंगं वर येतात, मग पांढरी स्वच्छ अंगं. नाकपुडीला लालसर झाक, खूरही तसेच फिकट. हे तापीकाठचं खिल्लार. चपळ, तापट, धावायला एक नंबर. मोटेला आणि छकड्याला असा बैल मिळावा म्हणून शेतकरी पदरमोड करतो.

खिल्लारामागे ठेलारी चालतोय. धनगरांतलाच हा, पण गुरं वाढवण्यात मुरलेला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पायी. तो तोंडाने एक लांब हाळी देतो आणि पुढची गाय मान वळवते. बाकीचं खिल्लार तिच्यामागे वळतं.

"कथा जाई राहिना भाऊ?" कुठे निघालात, असं तो तुम्हाला विचारतो. उत्तराची वाट न बघता अंजनाच्या सावलीकडे बोट दाखवतो. "बठ. भाकर खाई ले."

तुम्ही बसता. कळण्याची भाकर, ठेचा, गाडग्यातलं ताक. जेवता जेवताही त्याची नजर कळपावर असते. एक कालवड मागचा पाय झटकते, तसा तो उठतो. तिच्या मानेखाली खाजवत राहतो, ती शांत झाली की खुराच्या बेचक्यात बोट घालून काटा उपसतो. मग कानामागचे गोचीड एकेक करून वेचतो, दगडावर ठेचतो. शेपटीकडची जागा तो विसरत नाही. अंधार पडला की खिल्लार मधे घेऊन भोवती आगट्या पेटवायच्या. रान वाघांचं आहे, आणि रात्री जागायची पाळी तुमच्यावरही येईल.

याच वेळी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, अर्जेंटिनाच्या पंपास मैदानात, असाच एक माणूस घोड्यावरून गुरं हाकतोय. त्याला गाउचो म्हणतात. कमरेला सुरी, हातात चामड्याचा फास, संध्याकाळी जाळाभोवती 'माते' नावाचा कडवट काढा. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नाही. पण दोघांच्या पायाखालची जमीन एकाच तऱ्हेने जाणार आहे.

आता पाच वर्षं पुढे या. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जिथे खिल्लार बसायचं तिथे नांगर फिरला. त्याच सुमारास रेल्वे आली, जळगावची बाजारपेठ फुगली. 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला, आणि शेतात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात जाऊ लागलं, सोडवायला दंड. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलाची हद्द आखली. काल जी पायवाट होती, तिच्यावरून जाणं आज गुन्हा. तिकडे पंपासमध्ये हेच काम तारेच्या कुंपणाने केलं. 1872 मध्ये होसे एर्नांदेस यांनी 'मार्तिन फिएरो' हे दीर्घकाव्य लिहिलं ते देशोधडीला लागलेल्या गाउचोवर. पुढे त्या देशाने गाउचोला डोक्यावर घेतलं. एर्नांदेस यांचा जन्मदिवस, 10 नोव्हेंबर, तिथे परंपरा दिन म्हणून पाळतात.

आणि आपला ठेलारी? त्याला बघायला कुठल्या संग्रहालयात जायला नको. दिवाळीनंतर धुळे जिल्ह्यात साक्रीच्या रस्त्याला लागा. गुरांच्या जागी आता मेंढ्या आहेत. घोड्याच्या पाठीवर पाल, भांडी, तिकाटणं, वर बांधलेली कोंबडी, आणि दोन दिवसांची कोकरं झोळीत. बाई लगाम धरून पुढे, म्हातारा मेंढरांमागे. कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाही तर पैसे घ्यायचे आणि वाडा हलवायचा. पावसाळ्याच्या तोंडावर परत गावाकडे. त्या चार महिन्यांत चराईला जागा कुठे, या प्रश्नावर ठेलारी आणि वनखातं वर्षानुवर्षं समोरासमोर उभे आहेत.

मला अर्जेंटिनाच्या त्या दिनाचा हेवा वाटत नाही. ज्याचं रान संपलं त्याचा दिवस साजरा करणं सोपं असतं. आपल्याकडे माणूस अजून चालतोय, त्याला हार नको, कुरण हवं. राखीव चराईची त्याची मागणी जुनी आहे आणि रास्त आहे.

तेव्हा रस्त्यात मेंढरं आडवी आली तर हॉर्न न वाजवता दोन मिनिटं थांबा. आणि तुमच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला, तर ते राखण्याच्या बाजूने हात वर करा.