पहिल्या बाजूचं तिसरं गाणं

ला ब्रेआ अ‍ॅव्हेन्यूवर तुम्ही उतरता, तेव्हा १९७१ चा जानेवारी चालू आहे. लॉस एंजलिसची थंडी एका स्वेटरवर भागते. रस्त्याच्या कडेला, इंग्लंडातल्या एखाद्या खेड्यातून उचलून आणावीत तशी उतरत्या छपरांची घरं ओळीनं उभी आहेत. चार्ली चॅप्लिननं १९१७ मध्ये बांधायला घेतलेला हा त्याचा स्टुडिओ. गेली काही वर्षं तो ए अँड एम रेकॉर्ड्सकडे आहे, आणि मूकपटांच्या त्या आवारात आता रात्रंदिवस गाणी मुद्रित होतात. फाटकावर तुम्हाला कुणी हटकत नाही. तुम्ही इथं कुणाला दिसणार नाही, तुमचा आवाजही कुणापर्यंत पोचणार नाही.

बोळातून पुढे चला. स्टुडिओ ‘ए’मध्ये कार्पेंटर भावंडांचं काम असतं. ‘बी’मध्ये कॅरोल किंग ‘टॅपेस्ट्री’ची गाणी मुद्रित करते आहे. ‘सी’चं दार मात्र आतून बंद आहे. कुणालाही आत घ्यायचं नाही, असं सांगून ठेवलेलं आहे. तुम्ही जा.

खोली लहान आहे. एका बाजूला लालसर लाकडाचा स्टाइनवे पियानो आहे. त्याचा आवाज इतका गोड, की शेजारच्या ‘बी’मधल्या मंडळींचाही त्याच्यावर डोळा असतो. एकदा ही खोली थोडा वेळ रिकामी मिळाली, तेव्हा कॅरोल किंगनं येऊन ‘आय फील द अर्थ मूव्ह’ची बैठक याच पियानोवर उरकून घेतली, असं सांगतात. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक हेन्री लुई बसला आहे. निर्मात्याची खुर्ची इथं नाहीच. इथं गाणारीच्या पहिल्या अल्बमसाठी डेव्हिड क्रॉस्बी निर्माता होता. त्यानंतर काय ठेवायचं, काय पुसायचं, हे ती आणि हेन्री दोघंच ठरवत आले आहेत, आणि शेवटचा शब्द तिचा असतो.

जोनी मिचेल. वय २७. कॅनडाच्या गव्हाळ मैदानांतल्या सॅस्कटून शहरात वाढलेली. तीन अल्बम झालेत, एक ग्रॅमी मिळालाय. ‘ब्लू’ हा चौथा. या दिवसांबद्दल पुढे तिनं सांगितलं, की सिगारेटच्या पाकिटावरच्या पारदर्शक कागदासारखी आपली अवस्था झाली होती, काही झाकायला उरलंच नव्हतं. कुणी नुसतं आत डोकावलं तरी तिला रडू फुटायचं. दाराची कडी त्यासाठी आहे.

तिच्या चेहऱ्याकडे बघू नका, डावा हात बघा. नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि तो हात कायमचा अशक्त राहिला. गिटारवरच्या नेहमीच्या पकडी त्या बोटांना झेपत नव्हत्या. मग तिनं बोटांऐवजी ताराच बदलल्या. कुठलीही तार न दाबता छेडली तरी अख्खा स्वरमेळ वाजावा, अशा रीतीनं गिटार लावायची, आणि एक-दोन बोटांनी वर-खाली सरकायचं. काही रीती लोकसंगीतातल्या, जुन्याच. बहुतेक तिनं स्वतः शोधलेल्या. आयुष्यभरात अशा पन्नासहून जास्त जुळण्या तिनं वापरल्या. तिच्या गाण्यातला स्वर कुठं जाऊन टेकणार याचा अंदाज लागत नाही, मनातला प्रश्न सुटल्यासारखा वाटतो आणि सुटत नाही, त्याचं मूळ त्या अधू हातात आहे. प्रेमभंगांनी तिला गाणी दिली असं लोक म्हणतात. मला वाटतं, गाणी त्या हातानं दिली. प्रेमभंग तर सगळ्यांचेच होतात.

आता ती मांडीवर एक लांबट, कमरेला बारीक असं वाद्य घेते. हा अ‍ॅपलेशियन डोंगराळ मुलखातला डल्सिमर. जोएलन लॅपिडस या कारागीर बाईनं बनवलेला हा डल्सिमर तिनं १९६९ मध्ये बिग सरच्या महोत्सवात घेतला. त्याच्या काही तारांवर चाल वाजते, बाकीच्या तंबोऱ्यासारख्या एकाच स्वरात घुमत राहतात. ते कसं वाजवतात हे तिनं आधी कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून ती तारांवर थापा मारते. त्या थापांतूनच ठेका निघतो. या अल्बममधली चार गाणी डल्सिमरवर आहेत, आणि त्यांतली काही प्रवासात मुरलेली आहेत. त्या प्रवासाचं टोक बघायचं तर वर्षभर मागं जावं लागेल.

१९७० चा वसंत, ग्रीसचं क्रीट बेट, मटाला गाव. समुद्रात उतरणाऱ्या पिवळट कड्याला भोकं पडावीत तशा गुहा आहेत. एके काळी तिथं मृतांना ठेवत, आता जगभरातले केस वाढवलेले तरुण राहतात. मरमेड कॅफेत रात्री उशिरापर्यंत दारू आणि गप्पा चालतात. डोक्याला फेटा गुंडाळलेला एक लालसर केसांचा अमेरिकन आचारी इथं तिचा मित्र झाला आहे. तो तिचं कौतुक करत नाही, उलट उखडतो. प्रसिद्धीला विटलेल्या तिला तेच बरं वाटतं. पाठीवर डल्सिमर, नखांत माती, आणि घराची ओढ. ‘केरी’ हे गाणं इथलं. ‘कॅलिफोर्निया’तही हे दिवस आहेत.

तिथूनच एक टेलिग्राम निघतो. तुम्ही त्याच्या आधी पोचा. लॉस एंजलिस, लॉरेल कॅन्यन, लुकआउट माउंटन अ‍ॅव्हेन्यू. उतारावरचं लाकडी घर तिचं आहे. ग्रॅहॅम नॅश स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून नवी फरशी घालतो आहे. हा इंग्लंडमधून आलेला, ‘हॉलीज’ हा बँड सोडून क्रॉस्बी आणि स्टिल्सच्या जोडीला उभा राहिलेला मुलगा. इथं ते दोघं संसार म्हणावा तसं राहिले. एका करड्या, थंड सकाळी व्हेंचुरा बुलेव्हार्डवर न्याहारी करून परतताना तिला एका दुकानात फुलदाणी आवडली. ती घरी आणली, तिनं बागेतून फुलं खुडली, त्यानं शेकोटी पेटवली. मग तिच्या पियानोवर बसून तासाभरात त्यानं ‘अवर हाऊस’ लिहिलं. ते गाणं जगभर पोचलं. घर मात्र टिकलं नाही. टेलिग्राममध्ये तिनं कळवलं होतं, की वाळू मुठीत आवळून धरली तर बोटांतून निसटते. फरशी अर्धवट असताना त्याला समजलं, की हे संपलं.

ती का गेली, याचं उत्तर तिनं स्वतः दिलेलं आहे. नॅशला लग्न हवं होतं. तिला तिच्या दोन आज्या आठवल्या. एकीला लहानपणी पियानो हवा होता. तो कधीच मिळणार नाही हे उमगल्यावर ती एकदा रडली आणि पुन्हा कधी रडली नाही. दुसरीला कविता आणि संगीताची ओढ, आणि वाट्याला शेतावरचा संसार; एके दिवशी संतापून तिनं लाथेनं दार बिजागरीतून उखडलं. त्या दोघींचं राहून गेलेलं आपल्याला करायचं आहे, असं नातीला वाटलं. आपल्याकडे ओवी जात्यावर सुरू झाली आणि जात्यावरच संपली, अशा कितीतरी बायका प्रत्येक घरात होऊन गेल्या. म्हणून या आज्या मला परक्या वाटत नाहीत. नॅश वाईट नव्हता. त्यानं तिला गाऊ नको असंही कधी म्हटलं नव्हतं. तरीही तिनं ओळखलं, की या घरात पियानो एकच आहे आणि गाणी लिहिणारे दोघं.

नॅशनंही याच वियोगावर गाणी लिहिली. ‘सिम्पल मॅन’ त्यानं जून १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये गायलं, तेव्हा ती समोर प्रेक्षकांत बसली होती. प्रेम एकच होतं आणि दोन्ही बाजूंनी त्याची गाणी झाली, एवढं लक्षात ठेवून ‘सी’ स्टुडिओत परत या.

दार आता किलकिलं झालंय. उंच, लांब केसांचा जेम्स टेलर गिटार घेऊन आत आला आहे. मागच्या उन्हाळ्यात तो सिनेमाच्या चित्रीकरणात होता, तेव्हा ती त्याच्यासोबत राहिली, त्याच्यासाठी तिनं स्वेटर विणलं. ऑक्टोबरात लंडनच्या पॅरिस थिएटरमध्ये बीबीसीसाठी दोघं एकत्र गायले. त्याला हेरॉइनचं व्यसन आहे, आणि ही जोडीही फार दिवस टिकायची नाही. पण आत्ता ऐका. ‘अ केस ऑफ यू’मध्ये तिचा डल्सिमर आणि त्याची गिटार दोनच वाद्यं जवळजवळ बसली आहेत, सोबत रस कंकलचा अगदी हलका ठेका. टेलर एकही सूर मिरवायला वाजवत नाही. तिचा आवाज उंच जातो तिथं तो थांबतो, ती खाली येते तेव्हा हळूच हात पुढे करतो. ही दोन प्रेमिकांची जवळीक आहे, असं कुणी म्हणेल. मला ते दोन उत्तम वादकांचं एकमेकांना ऐकणं वाटतं. नातं तुटत आलेलं असतानाही ते ऐकणं शाबूत राहिलं, याचा मला फार आदर वाटतो.

मग ती पियानोपाशी जाते. ‘रिव्हर’. सुरुवातीला ‘जिंगल बेल्स’ची ओळखीची चाल येते, पण रेंगाळत, उदास होत. बाहेर नाताळ होऊन गेला तरी हिरवंगार लॉस एंजलिस आहे. लहानपणी जिच्या गावात नदी गोठायची, तिनं इथं बसून गोठलेल्या नदीची आस धरली आहे.

फेब्रुवारी येतो. स्टुडिओतून बाहेर पडून कोपऱ्यावरच्या दुकानात ‘रोलिंग स्टोन’ उघडा. तरुणांचं, नव्या विचारांचं म्हणवणारं हे नियतकालिक. त्यानं जोनी मिचेलला ‘ओल्ड लेडी ऑफ द इयर’ ठरवलं आहे, म्हणजे रॉक कलाकारांच्या मैत्रिणींमध्ये या वर्षीची पहिली. जेम्स टेलर १ मार्चच्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर येतो, नव्या संगीताचा चेहरा म्हणून. पुढच्या वर्षी ‘रोलिंग स्टोन’ एक तक्ताही छापणार आहे: हिचं नाव मध्यभागी लिपस्टिकच्या ओठांच्या ठशात, आणि तिथून पुरुषांच्या नावांकडे जाणाऱ्या रेघा. त्या पुरुषांनीही प्रेमं केली, मोडली, त्यांची गाणी केली, विकली. त्यांचा तक्ता कुणी काढला नाही. मला हे आजही संतापजनक वाटतं. ती त्या नियतकालिकाशी १९७९ पर्यंत बोलली नाही.

मार्चमध्ये स्टुडिओत परत चला, कारण खरी गंमत कुठलाच तक्ता दाखवत नाही. अल्बम तयार आहे, आणि ती तो उसवायला घेते. कित्येक वर्षं गायलेलं ‘अर्ज फॉर गोइंग’ काढून टाकते, ‘हंटर’ही काढते. त्यांच्या जागी दोन नवी गाणी येतात: ‘ऑल आय वॉन्ट’ अगदी सुरुवातीला आणि ‘द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड’ अगदी शेवटी. त्यानं अल्बमला तोंड आणि शेवट मिळाला. सगळं उघडं पडलंय असं म्हणणारी बाई कात्री चालवताना इतकी निर्दय आहे. या चाळणीतून चार वर्षांपूर्वीचं एक जुनं गाणं मात्र राहिलं. साथीला कुणीच नाही, एकटी गिटार आणि ती.

२२ जून १९७१. दुकानात अल्बम आला. निळ्या छटेत बुडालेला तिचा चेहरा. घरी न्या, पहिली बाजू लावा. पहिलं गाणं ‘ऑल आय वॉन्ट’. दुसरं ‘माय ओल्ड मॅन’, हे नॅशचं, सगळे सांगतात. चौथं ‘केरी’, तो मटालाचा आचारी. कोण कुणाचं, हा खेळ त्या उन्हाळ्यात घरोघरी चालतो. मधलं तिसरं, ‘लिटल ग्रीन’, कुणाचं ते लागत नाही. ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन’चा समीक्षक अल्बमची स्तुती करतो, पण या गाण्यातले संदर्भ इतके गूढ, की काही समजत नाही, अशी तक्रारही करतो.

तुम्हाला समजावं म्हणून फेब्रुवारी १९६५ मध्ये चला. टोरंटो, कडाक्याची थंडी. तेव्हा ती मिचेल झालेली नाही, रोबर्टा जोन अँडरसन आहे. कलाशाळा सोडलेली, वय २१, लग्न झालेलं नाही, खिशात पैसे नाहीत. मुलाचा बाप निघून गेलाय. आईवडिलांना तिनं कळवलेलं नाही. त्या काळी अशा मुलीला कॅनडातही तोंड लपवावं लागायचं. मुलगी झाली. काही महिने ती सांभाळणाऱ्या घरी ठेवली. त्याच उन्हाळ्यात चक मिचेलशी लग्न झालं, पण बाळ घरी आलं नाही. दत्तकाच्या कागदांवर सह्या झाल्या. दोन वर्षांनी लग्नही मोडलं. त्याच सुमारास, १९६७ मध्ये, तिनं ते तिसरं गाणं लिहिलं.

तक्ता काढणाऱ्यांनी तिच्या आयुष्यातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव शोधलं. मुलगी त्यांना सापडली नाही, गाणं समोर वाजत असताना. कारण त्या अल्बममध्ये पुरुषच शोधायचा, असं आधी ठरलेलं होतं.

मार्च १९९७ मध्ये मायलेकी भेटल्या. लेक ३२ वर्षांची झाली होती, आणि तिच्यासाठी लिहिलेलं गाणं गेली सव्वीस वर्षं कुठल्याही दुकानात मिळत होतं.