वाळूतलं पाचवं चाक

मागच्या जानेवारीत दम्मामच्या एका मराठी कुटुंबाबरोबर 'कश्त्या'ला गेले होते. कश्ता म्हणजे थंडीच्या दिवसांत घरदार घेऊन वाळवंटात मुक्काम करायचा. सौदी लोकांचा हा लाडका छंद आणि तिथल्या आपल्या लोकांनीही तो उचललाय. आमच्या पुढे एक डिझेल पिकअप भलीमोठी कॅरॅव्हॅन ओढत चालला होता. रस्ता सोडून वाळूत शिरला आणि रुतला. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण चालवणारा शांतपणे उतरला, ट्रकच्या आणि मागच्या गाडीच्या सगळ्या टायरांमधली हवा थोडी थोडी सोडली, परत बसला आणि हळूच बाहेर आला.

टॅपलाइनवरच्या भागात मी हा प्रसंग दोन वाक्यांत उरकला होता. खरं तर विषयाची किल्ली त्यातच आहे, म्हणून इथे जरा सविस्तर.

आधी त्या जोडणीबद्दल. ती कॅरॅव्हॅन पिकअपच्या मागच्या हुकाला बांधलेली नव्हती. तिचं नाक पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर टेकलेलं होतं. या जोडणीला 'फिफ्थ व्हील' म्हणतात. नाव घोडागाडीच्या काळातलं आहे: पुढचा आस वळावा म्हणून गाडीखाली एक आडवं लोखंडी चक्र बसवत. चार चाकं उभी, हे पाचवं आडवं.

त्याचा फायदा बैलगाडी हाकलेल्या माणसाला लगेच कळेल. भार मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा गळा आवळतो. म्हणून भरताना थोडं वजन पुढे घ्यायचं, मानेवर बसेल इतकंच. इथेही तेच. मागच्या गाडीचा साधारण पाचवा हिस्सा भार ट्रकच्या पाठीवर येतो, मागची चाकं जमीन धरतात आणि गाडी शेपटीसारखी हलत नाही. पण ट्रकची पाठ तेवढी मजबूत हवी.

1914 साली डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराने एका लाकूड व्यापाऱ्यासाठी फोर्ड गाडीमागे ओढायचा ट्रेलर बनवला, तो होता व्यापाऱ्याची होडी सुट्टीत तळ्यावर न्यायला! म्हणजे सुरुवात हौसेची. मग त्या व्यापाऱ्याने तो आपल्या लाकडाच्या वखारीत वापरला आणि हौसेची गोष्ट धंद्याची झाली.

आता सौदीकडे. मे 1933 मध्ये जेद्दाला तेलाचा करार झाला आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक जुबैलला उतरले. त्यांना पहिला धडा वाळूने दिला. अरुंद, टणक टायर वाळू कापत खाली जातो. उंटाचा पाय मात्र पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं. मग रुंद, कमी हवेचे टायर आले. परवाच्या पिकअपवाल्याने केलं ते हेच. मार्च 1938 मध्ये दम्मामच्या 7 क्रमांकाच्या विहिरीने भरघोस तेल दिलं आणि प्रश्न बदलला: एवढं तेल युरोपकडे न्यायचं कसं? जहाजाने अख्ख्या अरबस्तानाला वळसा घालून सुएझमधून जायचं, तर जाऊन-येऊन 7,000 मैलांहून जास्त.

उत्तर होतं ट्रान्स-अरेबियन पाइपलाइन, म्हणजेच टॅपलाइन. अबकैकच्या तेलक्षेत्रापासून लेबनॉनमधल्या सिडॉनपर्यंत 1,068 मैल. काम 1947 मध्ये सुरू झालं, 1950 मध्ये संपलं आणि त्याच वर्षी 2 डिसेंबरला सिडॉनला पहिलं जहाज भरलं.

या नळाची गोष्ट नेहमी तेलाच्या आणि राजकारणाच्या अंगाने सांगतात. मला ती ओढण्याची गोष्ट वाटते. सुमारे अडीच लाख टन पोलाद, आणि वाटेत ना रेल्वे, ना पक्का रस्ता. पाइप 30 आणि 31 इंचांचे मुद्दाम केले, एकात एक घालून आणले की जहाजात जागा कमी लागते. रास मिशआबला ते किनाऱ्यावर उतरवून तीन-तीन जोडले जात. तेवढी लांबी वाळवंटात न्यायची, तर पाइपांचं पुढचं टोक ट्रकच्या पाठीवर, मागचं टोक मागच्या चाकांवर. पुन्हा तीच बैलगाडीची वाटणी. सिअॅटलच्या केनवर्थ कंपनीने आराम्कोसाठी 853 आणि पुढे 953 ही मोठ्या टायरांची डिझेल धुडं बनवली, ती याच गरजेतून.

या काळाच्या खुणा भाषेतही उरल्यात. सौदीत ट्रेलरला आजही 'त्रेला' म्हणतात आणि पाण्याच्या टँकरला 'वायत', कारण सुरुवातीचे टँकर 'व्हाइट' कंपनीच्या ट्रकवर असत. आपल्याकडे खोदायचं मशीन कुठल्याही कंपनीचं असो, 'जेसीबी'च, तसंच. आणि 'वायत' हा शब्द साधा नाही. आधी कळप पाण्याकडे जायचा, आता पाणी कळपाकडे जाऊ लागलं. डॉन चॅटी यांनी 1986 च्या 'फ्रॉम कॅमल टू ट्रक' या पुस्तकात सीरिया-लेबनॉनच्या बदूंबद्दल हेच दाखवलंय: ट्रकने पशुपालन संपवलं नाही, त्याची रीत बदलली. ओझं वाहायचं उंटाचं काम तेवढं गेलं. टॅपलाइनच्या पंपांभोवती कैसूमा, रफहा, अरार, तुरैफ ही गावं वाढली. 1990 मध्ये जॉर्डनला जाणारं तेलही थांबलं. गावं राहिली, रस्ता राहिला.

पण हे चालवलं कोणी? आराम्कोच्या वसाहतीत तीन थर होते: वर अमेरिकन, मध्ये हिंदुस्थानी, पाकिस्तानी, पॅलेस्टिनी, इटालियन, आणि खाली सौदी कामगार. ऑक्टोबर 1953 मध्ये सुमारे 13,000 कामगारांनी संप केला, तो पगार, घरं आणि या भेदाविरुद्ध. 1956 मध्ये पुन्हा संप झाला आणि राजाज्ञेने संपावरच बंदी आली.

खेडच्या माझ्या मैत्रिणीचे अब्बा 1980 च्या दशकात याच टॅपलाइन रस्त्यावर त्रेला चालवायचे. त्यांना फोन करून विचारलं, सगळ्यात अवघड काय होतं? म्हणाले, "बाय, ओढणं नाही, थांबणं. रिकामी गाडी असेल तर जास्तच." ट्रक थांबतो, मागची गाडी ढकलत राहते आणि जोडणीपाशी सगळं चाकूच्या पात्यासारखं दुमडतं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांच्याकडे त्या काळातला एकच फोटो आहे. त्यात ट्रकचा नंबर स्पष्ट वाचता येतो, मागे कोणाचंच नाव लिहिलेलं नाही. शेजारी उभ्या तिघांपैकी दोघांची नावं त्यांना आठवली, तिसऱ्याचं नाही.

ती दोन नावं मी त्याच दिवशी फोटोच्या मागे पेन्सिलने लिहायला लावली. तुमच्या घरात, वाडीत, कोणी आखाती देशांत ट्रेलर चालवला असेल, तर त्यांच्याकडचे फोटो काढा आणि मागे नावं लिहून ठेवा. कंपनीच्या दप्तरात ट्रकचं मॉडेल सापडतं. चालवणाऱ्याचं नाव मात्र घरीच विचारावं लागतं.