शिंदळ माकुडीचा पत्ता

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये एका गडाच्या कड्यावर मी एक फूल पाहिलं. किरमिजी रंगाची, पाच टोकांची चांदणी आणि तिच्यावर पिवळी नक्षी. आकार साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. कातळाच्या फटीतून मांसल फांद्या खाली लोंबत होत्या आणि त्यांवर अशा सात-आठ चांदण्या. मी फोटो काढला, रात्री घरी येऊन पोस्ट केला. गडाचं नाव, कुठल्या बुरुजाखाली, कुठल्या वाटेने, सगळं लिहिलं. लाइक्स भरपूर आले. दोघा-तिघा अनोळखी लोकांनी ‘नेमकं कुठे?’ विचारलं, त्यांना मी पिन पाठवली.

पुढच्या वर्षी गेलो, तर फट रिकामी होती. कडेला कशाने तरी खरवडल्याच्या खुणा होत्या. हे माझ्या पोस्टमुळेच झालं, असं मला सिद्ध करता येत नाही. झालं नाही, असंही म्हणता येत नाही. त्यानंतर मी या फुलाचा इतिहास वाचायला लागलो.

मराठीत हिला शिंदळ माकुडी म्हणतात. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. जगाच्या पाठीवर ती फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या काही डोंगरांवर आपणहून उगवते.

तिची शास्त्रीय नोंद केली निकोल डाल्झेल या स्कॉटिश माणसाने. मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती. त्यांच्यानंतर त्या पदावर डाल्झेल आले. दोघांनी मिळून १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ हे इलाख्यातल्या वनस्पतींचं पुस्तक छापलं. त्यानंतर काही वर्षांतच, १८६४-६५च्या सुमारास, लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकातून डाल्झेल यांनी जुन्नरकडच्या डोंगरांतली ही वनस्पती जगापुढे आणली.

तिचं नवल होतं ते पानांचं. तिचे बहुतेक जवळचे नातेवाईक निवडुंगासारखे बिनपानांचे असतात. हिला मात्र पावसाळ्यात व्यवस्थित हिरवी पानं येतात आणि कोरड्या दिवसांत ती गळून जातात. म्हणून डाल्झेल यांनी हिच्यासाठी वेगळी प्रजाती मांडली आणि तिला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव दिलं. याच फ्रियर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला. त्यांच्या नावाची वनस्पती मात्र शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड अशा गडांच्या कड्यांना धरून राहिली.

नावाची गंमत इथे संपत नाही. १९५८ साली तिला कॅरॅल्युमा या प्रजातीत हलवलं गेलं. तिथे ‘इंडिका’ हे नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीकडे होतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत, युजरनेम ऑलरेडी टेकन. म्हणून नवं नाव ठरलं कॅरॅल्युमा फ्रेरी. आता बरेच अभ्यासक बूसेरोशिया फ्रेरी लिहितात. इंडिका गेलं, गव्हर्नर राहिले.

गडांची यादी वाचून मला वाटलं होतं की हिला कडेच आवडत असणार. मग एकदा पायथ्याला शेळ्या चारणाऱ्या एका काकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, “ही व्हय! वर कड्यालाच असती. खाली शेरडं ठिवत्यात व्हय हिला?” माझा नकाशा त्या वाक्याने उलटा झाला. ती जिथे दिसते ती ठिकाणं तिच्या आवडीची असतीलच असं नाही. शेळ्यांचं तोंड, वणवा आणि माणसाचा हात जिथे पोचला नाही, तिथे ती उरली आहे. जे उरलं तेवढाच डेटा आपल्या हातात आहे.

१९८०च्या दशकात आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींत हिचं नाव घेतलं. त्यानंतर अभ्यासकांनी कडे नीट धुंडाळले आणि आणखी काही ठिकाणं सापडली. दुसरीकडे तिची रोपं करणं अवघड नाही, हेही लक्षात आलं. फांदीचा तुकडा लावला तरी मुळं फुटतात. शिरवळजवळच्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने तिची रोपं वाढवून ती पुन्हा डोंगरांवर लावण्याचं काम केलं. परदेशातल्या हौशी लोकांच्या खिडकीतही ती आज कुंडीत फुलते.

मग काळजी कसली? बॅकअप तर आहे!

माझ्या कामात आम्ही शिकतो की एकाच फाइलच्या हजार कॉप्या म्हणजे हजार फाइली नव्हेत. एका फांदीपासून केलेली सगळी रोपं जनुकांनी एकच असतात. एका रोगाला एक बळी पडलं, तर बाकीचीही पडू शकतात. कड्यावरची माकुडी वेगळी. तिथे माश्या एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात, शेंग तडकते, रेशमी केसांचं बी वाऱ्यावर उडतं आणि एखाद्या नव्या फटीत रुजतं. प्रत्येक बी वेगळं. हे चालू राहायला डोंगरावर एकापेक्षा जास्त झाडं लागतात. मी पाहिलेली फट रिकामी झाली, तेव्हा असं एक झाड कमी झालं.

डाल्झेल यांनी ठिकाण छापलं, म्हणून पुढच्या अभ्यासकांना ती शोधता आली. म्हणजे पत्ता लपवणं हे उत्तर नाही. तो कोणाला द्यायचा, हे ठरवावं लागतं. गेल्या पावसाळ्यात मला दुसऱ्या एका डोंगरावर ती पुन्हा दिसली. यावेळी जागेची नोंद मी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना पाठवली आणि आयनॅचरलिस्टवर टाकली. तिथे धोक्यातल्या प्रजातींचं अचूक ठिकाण झाकून ठेवतात. स्टोरी टाकली नाही. जुनी पोस्ट कधीच काढून टाकली आहे.

तुम्हाला ती दिसली, तर पोटभर बघा, फोटोही काढा. फांदी तोडू नका आणि फोटो पुढे पाठवण्याआधी त्यातलं लोकेशन काढून टाका. मला हे तीन वर्षं उशिरा कळलं.