बिऱ्हाड बांधणारी बाई

लॉरा इंगल्स वाइल्डरची ‘लिटल हाउस’ पुस्तकं वाचताना मला नेहमी वाटतं, पश्चिमेकडे जायची हौस बाबांची, पण दरवेळी बिऱ्हाड बांधलं ते आईनंच. ती आई, कॅरोलाइन, खरोखरची. जन्म १८३९चा, विस्कॉन्सिनमधला, लग्नाआधी शिक्षिका. १८६९ मध्ये नवऱ्यासोबत कॅन्ससला गेली. ती जमीन ओसेज लोकांची! तिथं तिसरी मुलगी झाली, आणि १८७१ मध्ये मंडळी परत विस्कॉन्सिनला. पुढे मिनेसोटात टोळधाडीनं गहू खाल्ला. १८७६ मध्ये नऊ महिन्यांचा मुलगा गेला. ‘लिटल हाउस’मध्ये तो नाहीच. १८७९ मध्ये थोरल्या मेरीची दृष्टी गेली. त्याच वर्षी निघाले डकोटाला.

१८६२च्या कायद्यानं पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत. पण दावा कुटुंबप्रमुखाचा, म्हणजे नवऱ्याचा. कष्टात बायकोचा वाटा, कागदावर नाही.

लॉरा लिहिते, चार्ल्सला अजून पुढे जायचं होतं. आईनं मात्र मुलींच्या शिक्षणाचा हट्ट सोडला नाही. १८८१ मध्ये मेरी आयोवातल्या अंधांच्या कॉलेजात गेली. कॅरोलाइन १९२४ मध्ये वारली, डकोटातल्या डी स्मेट गावातच.

पश्चिमेचा इतिहास निघणाऱ्यांचा म्हणून सांगतात. मला तो ‘आता पुरे’ म्हणणाऱ्या बाईचाही वाटतो.